आमच्या कंपनीने केलेली आवणी

आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, हे मी आबांना सांगायला नको होतं.

पण सांगितलं! शहापूरजवळ, हायवेला लागून आमचं गोदाम. मी तिथल्या ऑफिसात, आणि अजून कायम व्हायचा होतो. मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे साहेब-बिहेब काही नाही. मला नितीन म्हणायचं. मोकळं बोलायचं. आपण सगळे एक कुटुंब!" किन्हवलीजवळच्या आमच्या गावात कामाची रीत वेगळी. तिथे आबा बोलतात आणि बाकीचे वाकतात.

आवणी आली, म्हणजे भाताची लावणी. मी रजा मागितली. नितीन म्हणाला, "स्टॉक मोजायचं चाललंय. कुटुंबाला गरज असताना तू जाणार?"

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. आबा विचारात पडले.

"कुटुंब हाय ना? मग आवणीला कुटुंब कुटं जातं? लाव फोन."

"आबा, ते तसलं कुटुंब नाय!"

"कुटुंबात असलं-तसलं नसतं. लाव!"

लावला. "नितीन का रे? मी याचा बाप. रविवारी सगल्यांना घेऊन ये आवणीला. कोंबडा कापतो."

नोकरी गेली असं धरून मी पडवीत बसलो. पण नितीनला टीमला कधीपासून कुठेतरी न्यायचं होतं (फुकटात!). कोंबडा ऐकून तो खूश!

रविवारी पांढऱ्या बुटांतलं अख्खं ऑफिस बांधावर उभं. आबा आणि घरातली माझी काकी वरच्या अंगाला रोपं उपटत होते. आबा म्हणाले, "यांना आंब्याखालचं खाचर दाव. येवढं तरी जमंल ना?"

"आबा, मी इथलाच हाय!" मी छाती काढून म्हणालो.

आंब्याखाली चिखल तयारच होता. उतरण्याआधी नितीनने सगळ्यांना गोल उभं करून मतं घेतली. (रोपाची कुठली बाजू खाली, यावरच एकमत होईना.) "कोणाची काही सूचना?"

बांधावर शेजारचे गणूकाका बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "जरा जवळजवळ लावा."

"बघा! याला म्हणतात मोकळं वातावरण!" नितीन म्हणाला.

बांधाच्या भांडणावरून काका आणि आबा कित्येक वर्षं बोलत नव्हते. तरी आज काका इतके गोड बोलत होते की मलाच भरून आलं.

दुपारपर्यंत रोपं संपली, खाचर हिरवंगार झालं. आबा आले. त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"कोनाचं लावलंस?"

"आपलं!"

"आपला आंबा पलीकडचा रे! ह्ये गन्याचं खाचर!"

गणूकाकांनी हळूच बिडी विझवली. "मला वाटलं, सरकारी योजना आसंल."

नितीन धीर करून पुढे झाला. "आबा, आमच्याकडे चूक एकाची नसते. सगळ्या टीमची असते."

"आमच्याकडं नाय. आमच्याकडं याचीच हाय!"

कोंबडा सगळ्यांनी चापला. माझ्या ताटात रस्सा आला. आमचं खाचर रिकामं, रोपं गेलेली, आणि आबांचं तोंड बघवत नव्हतं. खरंच जीव तुटला माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गणूकाका! घरदार आणि स्वतःची रोपं घेऊन आमच्या खाचरात उतरलेले. भांडण असलं म्हणून काय झालं, आवणीत घेतलेला हात फेडावाच लागतो. आबा बांधावर बसले. मग म्हणाले, "गन्या, जरा जवळजवळ लाव."

पुढच्या आठवड्यात नितीनने मला कायम केलं. "इतक्या जणांना फुकट राबवलंस, तेही चुकीच्या जागी, आणि कोणाला संशयसुद्धा आला नाही! तू एक दिवस मॅनेजर होणार."

मी नाचत पेढे घेऊन घरी आलो. आबांनी पेढा तोंडात टाकला.

"कायम झालास? ब्येस झालं. पुढल्या आवणीला शेतावर डबा न्यायचं काम तुझं."

"डबा? येवढंच?"

"काकी पुढं चालंल. तू तिच्या मागं मागं ये."