तानूवहिनींना विचारायचा प्रश्न

तानूवहिनींना कुणी ‘बरं हाय का?’ विचारलं, तर त्या खरं उत्तर देत. डावा गुडघा कालपासून दुखतोय, सकाळची अर्धी भाकरी उरली, असं सगळं. नजर विचारणाऱ्याच्या वहाणांवर. त्यामुळे आमच्या आटपाडीकडच्या गावात त्यांना कुणी काही विचारत नसे.

त्या माझ्या थोरल्या भावजय. दादा पलटणीत, लढाईवर. वहिनी आमची साठ मेंढरं राखत. प्रत्येक मेंढी त्या तोंडावरून ओळखत; माणसांच्या तोंडाकडे मात्र बघत नसत. लोक खुळी म्हणत. मी नुकताच शाळामास्तर झालो होतो आणि घराच्या अब्रूची काळजी करू लागलो होतो. मीच आईच्या मागे लागून मेंढरांना गडी ठेवला आणि वहिनींना घरात बसवलं. माणसांत राहिल्या की सुधारतील, असं माझं मत होतं.

घरात पाहुण्यांचा, पोरांचा गलका. वहिनी कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसत. दोन महिन्यांत बोलणंच थांबलं. मग एका सकाळी त्यांनी ठेवणीतली दोन्ही लुगडी घडी घालून शेजारणीला देऊन टाकली.

“वैनींचं मन मोठं हाय,” मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग जाऊन वहिनींजवळ बसली.

“तानू, जीव द्यायचं मनात हाय का?”

“व्हय.”

“कवापास्नं?”

“घरात बसवल्यापास्नं.”

“सांगितलं का न्हाईस?”

“कुणी इचारलं न्हाई.”

आई रडली नाही, शपथा घातल्या नाहीत. “काय केलं म्हंजे ऱ्हाशील?”

“मेंढरं. आन जेवताना माझ्यासंगं कुणी बोलायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी गड्याला दुसरीकडे काम बघून दिलं. महिनाभर आई वहिनींबरोबर रानात हिंडली. पुढे रोज भाकरी वाढताना ती एवढंच विचारी, “आज?”

“न्हाई.”

कधी उत्तर येई, “थोडं.” त्या दिवशी आई हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर जाई. असे दिवस हळूहळू कमी झाले.

लढाई संपली. दादा परत आला आणि मुंबईला गिरणीत लागला. त्याच साली आई गेली. दिवसकार्य उरकलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“भावजी, आजपास्नं तुमी इचारायचं.”

मला ते शब्द तोंडातून काढवेनात. “वैनी, समदं ठीक हाय न्हवं?”

“असं न्हाई.”

त्या हलल्या नाहीत. मेंढरं सोडायची वेळ होऊन गेली होती.

“वैनी, जीव द्यायचं मनात हाय का?”

“थोडं,” त्या म्हणाल्या.

मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि त्यांच्यामागून रानात गेलो.