प्रेक्षकांत उभी राहिलेली बाई

परवा कॉलेजच्या नाटकाला मुलींना रंग लावताना खोबरेल आणि पावडरीचा वास आला आणि मी पुलगावच्या गिरणीच्या चाळीत जाऊन पोचले.

नववीत होते मी. बायका शाळेत नाटक बघायला येत नाहीत, म्हणून आमच्या नाटकाच्या बाईंनी नाटकच चाळीत नेलं होतं. शाळा मधेच सुटलेल्या एका मुलीची गोष्ट होती ती. शेवट बाईंनी मुद्दाम मोकळा ठेवला होता. नाटक संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता या पोरीनं काय करावं, ते तुम्ही सांगा."

मग कडेवर लेकरू घेतलेली एक तरुण बाई उभी राहिली. "मले सांगायचं हाये," ती म्हणाली.

"बस खाली," मागून तिची सासू म्हणाली. "लेकरू रडून राह्यलं."

लेकरू तर शांत झोपलं होतं. पण ती बसली.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. सासू दारातच म्हणाली, "ते माहेरी गेली. काऊन पाह्यजे तुमाले?"

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "लेकरू मी घ्यायला हवं होतं गं."

तेव्हा ते मला उगाच हळहळणं वाटलं. आता वाटतं, आमच्या नाटकात पडदा ओढण्यापासून सगळी कामं वाटून दिलेली होती. लेकरू धरायचं तेवढं एक काम कोणाकडेच नव्हतं.