मायच्या लुगड्याचे फडके

रोहण्याच्या स्टेशनात पुलगावची छोटी गाडी उभी होती आणि माय माझा हात सोडेना. मी अठरा वर्षांची, हिंगणघाटला मावशीकडे राहून कापसाच्या जिनात कामाला निघालेली. मायची एकच अट होती : "खोकला लागला का वापस येजो." मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं.

जिन मला फार आवडलं. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे असे धडधडत की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही बाया नुसते ओठ हलवून बोलायचो. मुकादमासमोर त्याच्याच मिशीची टिंगल करायचो आणि त्याला पत्ता नसायचा. रुईची धूळ नाकातोंडात जायची, पण फडका बांधला तर गप्पा कशा मारणार? दिवाळीपासून मला खोकला लागला. पत्रात मात्र तब्येत उत्तम.

संक्रांतीनंतर माय थेट जिनातच आली, माझ्या गोधडीसाठी जुनं लुगडं बगलेत घेऊन. रेच्यांच्या आवाजात मी बिनधास्त खोकत होते. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, रेचे थांबले, आणि माझा खोकला काही थांबेना. आता गावी परत जावं लागणार, या विचाराने मला रडूच आलं. तोच मागे एक बाई खोकली, मग दुसरी, मग अख्खी रांग.

माय पाहतच राहिली. मग म्हणाली, "कोणाकोणाले वापस नेऊ मी?"

तिथेच बसून तिने ते लुगडं टराटरा फाडलं आणि एकेकीच्या नाकातोंडावर फडका बांधला. मुकादम बघत होता, तर त्यालाही एक तुकडा दिला. त्याने तो मुकाट्याने मिशीवर बांधला.

आठवडाभर आम्ही मुक्या होतो. मग भुवयांनी बोलायला शिकलो. खोकला पुरता गेला नाही, पण हलका झाला, आणि मी राहिले.

आता माझे कान गेले, पण नातवंडं कोपऱ्यात काय कुजबुजतात ते मला ओठांवरून कळतं. रोहण्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, घर सुटलं का म्हणून विचारता. कितीही धुतला तरी त्या फडक्यातला मायच्या चुलीचा वास जात नसे. फडका विरेपर्यंत मी रोज सकाळी घर नाकावर बांधून कामाला गेले.