संध्याकाळचा दुसरा टेक

आमच्या ऑफिसात जाहिरातीचं काम करायला आलेला फिनलंडचा दिग्दर्शक जुन्या स्पॅनिश चित्रांनी पुरता झपाटलेला होता. काळोखं स्वयंपाकघर, मातीचं भांडं, एका बाजूने येणारा उजेड आणि कामात गढलेली खेड्यातली म्हातारी. अशी बाई त्याला स्वतःच्या फिल्मसाठी हवी होती, आणि तीही दुबईत. मला हसूच आलं. मग एकदा माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी खाता खाता त्याने विचारलं, ही कोणी केली?

आईने केली होती. बाबा गेल्यावर वसईचं घर बंद करून मी तिला इथे दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या उंच टॉवरात आणून ठेवलं होतं. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. तिचं एकच म्हणणं, मला घरी सोड. ती तिथे एकटी कशी राहणार? आणि मी कशी जाणार? नोकरी गेली की व्हिसा गेला. अडकलो होतो दोघीही, पण निदान मला ऑफिस तरी होतं.

शूटिंगला घरी आल्या आल्या दिग्दर्शकाने आमचा टीव्ही हलवला, खिडकीला काळं कापड लावून एक फट ठेवली. "रोज करतेस तेच कर," मी आईला सांगितलं. ती कांदे सोलत बसली. तेवढ्यात खालच्या मशिदीतली संध्याकाळची बांग अंधूक ऐकू आली. आईने सुरी खाली ठेवली, क्रूसाची खूण केली आणि पुटपुटत प्रार्थना म्हटली. वसईत चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ती असंच करायची. इथे घंटा नाही, म्हणून तिने बांगेवर भागवलं होतं. मला पत्ताच नव्हता, त्या वेळी मी कधी घरी नसते.

प्रार्थना संपली आणि तिने उजवा हात पुढे धरला. आमच्याकडे घंटेनंतर घरातली मुलंबाळं मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायला येतात. माझी मुलगी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसली होती. हात तसाच राहिला. रोज तसाच राहत असणार. शेवटी तिने तो मागे घेतला आणि सुरी उचलली.

दिग्दर्शक हरखून गेला होता. "अगदी चित्रातल्या संताचा हात. वन मोर टेक, प्लीज."

मी आईला सांगितलं.

"संध्याकाळ काय दोनदा होते?" ती म्हणाली. पण पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून तिने पुन्हा सुरी ठेवली, खूण केली, प्रार्थना म्हटली आणि हात पुढे धरला. मला बघवेना. मी जाऊन तिच्यापुढे गुडघे टेकले.

"यू आर इन द फ्रेम," मागून आवाज आला.

आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो. आता मला घरी सोड, बाय."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

तोंडावर नाही म्हणवत नसलं की इथे आम्ही सगळे हेच म्हणतो. एवढ्या महिन्यांत आईलाही ते कळायला लागलं होतं. तिने हात काढून घेतला आणि उरलेले कांदे पुढे ओढले.