सौनापाशी वळणारं यंत्र

"पडायचा तेवढा पडू दे. मला वळता आलं म्हणजे झालं."

सायमाबाई हाउताला हे वाक्य बर्फाबद्दल म्हणायच्या. नोव्हेंबरात पहिला थर बसला की म्हणायच्या आणि एप्रिलात शेवटचा ढीग काळा पडून वितळेपर्यंत म्हणत राहायच्या. आमचा कुओप्पाला नावाचा रस्ता टेकडीवरून सुपीरियर सरोवराकडे उतरतो आणि पाण्याच्या अलीकडे एकाएकी संपतो. त्या टोकाला शाळेची बस वळवायला जेमतेम एका अंगणाएवढी जागा आहे. बाईंनी तिथे जन्मभर बस वळवली. रस्त्यावरची सगळी पोरं त्यांनी शाळेत नेली आणि परत आणली. मी त्यातलाच एक. माझे केस आता पांढरे झाले, पण बाईंच्या लेखी मी अजून डबा विसरणारा आर्विदच आहे. माझं घर त्यांच्या समोर, मध्ये फक्त रस्ता.

बाई बुटक्या. मनगटं मात्र रुंद. बोलणं कमी आणि तिखट. नवरा रेइनो लाकूडतोड्या होता. तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर या भागातले निम्मे पुरुष शहरांकडे गेले, रेइनो रानात गेला. त्याने एक बर्फ फेकायचं यंत्र जोडलं होतं, स्नोब्लोअर. अर्धं विकत आणलेलं, अर्धं भंगारातून उचलून जोडलेलं. ते यंत्र अगदी रेइनोसारखं होतं. ताकदवान, गडगडणारं आणि नाकासमोर जाणारं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोन्ही कायम बरोबरच फिरायची. वळवायचं तर मागून उचलून कमरेने ढुशी द्यावी लागे. रेइनो द्यायचा. तो गेल्यावर बाई देऊ लागल्या, कमरेऐवजी खांद्याने, दात आवळून, मुठी आवळून.

पुढचं अंगण सरळ आहे, तिथे काही अडत नव्हतं. अडायचं ते मागे. बाईंच्या मागच्या दारापासून एक वाट निघते, लाकडाच्या ढिगाला वळसा घालते आणि सौनाच्या कोपऱ्यावरून पुन्हा वळून त्याच्या सरोवराकडच्या दाराशी पोचते. तो सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची लाकडी खोली, रेइनोच्या बापाने ओंडक्यांवर ओंडके रचून बांधला, घराच्याही आधी. पहिला हिवाळा सगळं कुटुंब त्यातच राहिलं. रेइनो त्यातच जन्मला, आणि मेला तेव्हा बाईंनी त्याला त्यातच अंघोळ घातली. दर शनिवारी बाई भट्टी पेटवतात, दगड तापतात, आणि रस्त्यावर जी तीन घरं उरली आहेत ती टॉवेल घेऊन येतात. आधी बायका, मग पुरुष, मग सगळ्यांची कॉफी. वाट साफ नसेल तर शनिवार नाही. आणि शनिवार नसेल तर बाकीच्या दिवसांचं आम्ही काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्या कोपऱ्यावर यंत्राने बाईंना दाबलं. ढुशी देताना पाय घसरला, आणि यंत्राचा हाताचा दांडा आणि ओंडक्यांची भिंत यांच्या मध्ये त्या सापडल्या. मी घरात कॉफी पीत होतो. यंत्राचा आवाज एकाच जागी घुमतोय हे ध्यानात आलं म्हणून धावलो. बंद केलं, मागे ओढलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या. बाईंनी श्वास सापडल्यावर पहिलं काय म्हटलं असेल? "तुझी कॉफी निवली असेल. जा."

त्यांचा मुलगा डेल राज्याच्या खालच्या भागात लान्सिंगला राहतो, विमा विकतो. चांगला मुलगा आहे, हे मी आधीच सांगतो. दर रविवारी फोन करतो. बरगड्यांची बातमी ऐकल्यापासून त्याची झोप उडाली. त्याने गावात इस्पितळाजवळ एक फ्लॅट पाहिला. लिफ्ट आहे, फरसबंदीखाली गरम पाण्याचे नळ आहेत, बर्फ टेकायच्या आत वितळतो. तिथे फावडंसुद्धा लागत नाही, असं त्याने आईला समजावलं. बाईंनी विचारलं, मग तिथली माणसं हिवाळाभर करतात काय?

मग डेलने मधला मार्ग काढला. ट्रकला पातं लावून अंगणं साफ करणारा एक माणूस ठरवला. तो यायचा, पुढचं अंगण एका दमात साफ करायचा आणि जायचा. मागच्या वाटेवर ट्रक मावत नव्हता. डेल म्हणाला की घरात न्हाणीघर आहे, गरम पाणी आहे, मागे जायचं कशाला. बाईंनी फोन ठेवून दिला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस, हरणांच्या शिकारीचे दिवस संपल्यावर, डेल स्वतः आला. स्वयंपाकघरात बसून बोलणं झालं. मी होतो, कारण बाईंनीच बोलावलं होतं. साक्षीदार हवा म्हणाल्या. वेलदोड्याचा पाव कापत कापत त्यांनी सौदा मांडला. यंत्र त्या निवडतील. ते अंगणात येईल. डेलच्या डोळ्यांदेखत त्या एकट्या सौनाच्या दारापर्यंत वाट काढतील, तिथे वळतील आणि परत येतील. कुणाचा हात लागणार नाही. जमलं, तर फ्लॅटचं नाव पुन्हा निघणार नाही.

"आणि नाही जमलं तर?" डेलने विचारलं.

"तर नाताळाच्या आत मी तुझ्या लिफ्टमध्ये."

"आणि हे घर?"

बाईंची सुरी क्षणभर पावात थांबली. "विकून टाक," त्या म्हणाल्या. "सौनासकट."

डेलने हात पुढे केला. बाईंनी तो घोड्याचा व्यवहार मिटवावा तसा घट्ट दाबला.

गावात क्लाइड पेंग्लेजचं दुकान आहे. करवती, यंत्रं, तेलाचे डबे. क्लाइडही बाईंच्या बसमधलाच, माझ्या वर्गातला. तो डेलशी बोलू लागला. आईंसाठी हलकं काहीतरी बघू या, आईंना झेपेल असं. बाई टोपी काढून मध्ये उभ्या राहिल्या.

"क्लाइड, बर्फ डेल काढणार नाहीये. तो लान्सिंगला असतो, तिथे बर्फ टीव्हीवर पडतो. माझ्याकडे बघून बोल."

"बरं बाई," क्लाइड म्हणाला. शाळेत म्हणायचा त्याच आवाजात.

त्याने दाखवलेलं हलकं यंत्र बाईंनी एका हाताने उचललं आणि खाली ठेवलं. रस्त्यावरचा बर्फ सारणारी मोठी गाडी जाताना फाटकासमोर बर्फाचा जो दगडासारखा बांध घालून जाते, तो हे यंत्र चाटत बसेल म्हणाल्या. मग त्याने सगळ्यात मोठं दाखवलं, चाकांऐवजी पट्टे असलेलं. बाईंनी ते जागेवर वळवून पाहिलं. हललं नाही. रेइनो परत आला वाटतं, एवढंच म्हणून पुढे झाल्या.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून हातमोजे काढले. हरणाच्या कातड्याचे, आतून लोकरीचे, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा. दुकानात शेगडी पेटलेली, आणि या मोजे चढवून एकेक दांडा धरून बघताहेत. डेल कानकोंडा झाला. पण एका यंत्राचा वळायचा खटका एवढासा होता की त्या मोज्यात तो सापडेचना. दुसऱ्याला खटकाच नव्हता. क्लाइड म्हणाला की हे नवीन आहे, नुसतं जरा रेटलं की कुठे वळायचंय ते त्याचं त्याला कळतं.

"माझ्या मनात काय आहे ते रेइनोला चाळीस वर्षांत कळलं नाही," बाई म्हणाल्या. "याला कुठून कळणार?"

कोपऱ्यात एक मधल्या अंगाचं यंत्र उभं होतं. दोन्ही दांड्यांवर वरून दाबून धरायची एकेक पट्टी, ती सुटली की यंत्र थांबायचं, आणि खालच्या बाजूला लांब खटके. डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटायचं, उजवं चालत राहायचं, आणि यंत्र आपोआप डावीकडे वळायचं. उजव्याचं तसंच उलट. मोज्यातून खटका बरोबर हाताला लागत होता. बाईंनी ते करवतींच्या मधल्या बोळात हातानेच ढकलून फिरवलं. डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, आणि तेलाच्या डब्यांची उतरंड खाली आली. क्लाइड म्हणाला, हरकत नाही बाई. बाई म्हणाल्या, मी कुठे काय म्हटलं? हेच दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाइड यंत्र घेऊन आला. रात्रभर सरोवरावरून ढग आले होते आणि मांडीपर्यंत बर्फ साचला होता. हवा अशी निवळ की टेकडीवरचं एकेक झाड मोजून घ्यावं. फाटकासमोरचा बांध त्या यंत्राने एका घासात गिळला. पुढचं अंगण झालं. आम्ही तिघे मागे जाऊन लाकडाच्या ढिगापाशी उभे राहिलो. बाई ढिगाला लांबून वळसा घालून आल्या, तिथे वळण सैल होतं, काही अडलं नाही. मग सौनाचा कोपरा आला.

आणि तिथे बाईंच्या अंगाने जे वर्षानुवर्षं केलं होतं तेच केलं. खांदा खाली गेला, दात आवळले, दोन्ही मुठी घट्ट मिटल्या. दोन्ही खटके एकदम दाबले गेले. दोन्ही चाकं सुटली. तिथून जमीन सरोवराकडे उतरते. यंत्र घरंगळत निघालं, बाई त्याच्यामागे ओढल्या गेल्या. त्यांचे हात सुटले तशी यंत्राची बर्फ कापणारी फिरकी थांबली, आणि ते सौनाच्या पुढच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून बसलं. बाई गुडघ्यांवर पडल्या होत्या.

डेल धावला. "पुरे आई. झालं आता."

"तिथेच थांब, डेल."

"वळलं नाही ते. तूच शब्द दिला होतास."

"शब्द मी दिलाय, माझ्या लक्षात आहे. कितव्या खेपेला ते कुठे ठरलं होतं?"

क्लाइड म्हणाला की पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. डेलने त्याला सुनावलं की तुम्हाला विकायचंय, तुम्ही बोलू नका. मग आईकडे वळून म्हणाला की हा वकिली कावा झाला. विमा विकणाऱ्याच्या आईला एवढं यायलाच हवं, असं म्हणत बाई उठल्या. एक हात बरगड्यांवर होता. चेहरा राखेसारखा झालेला मी पाहिला, डेलनेही पाहिला. त्याने एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सौदा तिथेच मोडला असता, आणि त्याला तो मोडायचा होता, आणि तरी त्याने पाऊल टाकलं नाही. हे त्याचंही मानलं पाहिजे.

बाईंनी फावड्याने यंत्राचं तोंड मोकळं केलं. सावकाश, मध्ये मध्ये थांबून. मागचा गिअर टाकून ते कोपऱ्याच्या अलीकडे आणलं. मग यंत्राशी काही न करता नुसत्या उभ्या राहिल्या, आपल्याच दोन हातांकडे बघत. जसं काही दांडगी पोरं दटावायची आहेत.

"तू नाही," त्या उजव्या हाताला म्हणाल्या.

उजवा तळहात त्यांनी दांड्यावरच्या पट्टीवर वरून टेकवला, पट्टी दाबण्यापुरता. बोटं सगळी उघडी, ताठ, हवेत. मिटायचीच नाहीत. यंत्र सुरू झालं. कोपरा आला. खांदा सवयीने खाली जाऊ लागला तो त्यांनी मागे घेतला. डावी मूठ तेवढी मिटली.

यंत्र वळलं. कुणी ढुशी दिली नाही, कुणी उचललं नाही. गाय गोठ्याकडे वळावी तसं वळलं. बाई त्याच्यामागे अशा गेल्या की जसं अंग अजून त्या ढुशीची वाट बघतंय आणि ढुशी येतच नाहीये. बर्फाची कमान उठून सरोवराच्या बाजूला पडू लागली. सौनाच्या दारासमोर त्या पुन्हा वळल्या, ऐसपैस, पूर्ण गोल. मग एकदा नुसतंच, गरज नसताना, उलट्या बाजूने वळल्या. क्लाइडने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

परत येताना त्या आमच्या समोरून गेल्या. डेलने हात वर केला. थांब म्हणायचं होतं की शाबास म्हणायचं होतं, की नुसतं आई म्हणायचं होतं, मला सांगता येणार नाही. बाई थांबल्या नाहीत. निकाल ऐकायला त्यांना थांबायचंच नव्हतं. लाकडाच्या ढिगाजवळून, पुढच्या अंगणातून, फाटकातून त्या बाहेर पडल्या.

"आता कुठे चालली ही?" डेल म्हणाला.

मी पाहिलं. रस्त्यापलीकडे माझ्या फाटकासमोरचा बांध सकाळपासून तसाच होता. "माझ्याकडे," मी म्हटलं.

बाई रस्ता ओलांडत होत्या. पाठ ताठ, टोपी मागे सरकलेली, उजव्या हाताची बोटं अजून उघडीच. डेल हातात टोपी धरून बघत होता, क्लाइड आपली गाडी चालू आहे हे विसरून बघत होता, आणि मी खिशात हात घालून बघत होतो, माझंच अंगण एक म्हातारी बाई साफ करायला निघाली तरी.