ग्लोव्हमागचा चेहरा

माळा आवरताना लेकीचा लहानपणीचा सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह हाती आला आणि खोबरेल मुरलेल्या चामड्याच्या वासाने एक जुनी सकाळ पुन्हा आठवली. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ‘येथे खेळू नये’ या पाटीखालीच, आमचा रोज सकाळी सराव चाले. ती पिचिंग करायची, मी चेंडू पकडायचे. त्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज बॅट घे ना. समोर कुणी नसेल तर नेम कसा बसणार?" मी भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेली. तिने खालून गर्रकन हात फिरवून चेंडू सोडला आणि जुन्या सवयीने मी तो सरळ बॉलरकडे, म्हणजे तिच्याच तोंडावर, परत हाणला. फाट्‌ असा आवाज झाला आणि ती उताणी पडली, ग्लोव्ह चेहऱ्यावर. बॅट टाकून मी धावले. कशीबशी पोचले, आता रक्त दिसणार म्हणून जीव मुठीत धरून ग्लोव्ह उचलला. आत चेंडू घट्ट धरलेला, आणि खाली हसरा चेहरा. "आई, आऊट!" मी मटकन तिथेच बसले आणि रडायला लागले. "अगं, आऊट झालीस म्हणून रडतेस?" मी हो म्हणाले. ती अजून हा किस्सा सगळ्यांना हसत सांगते, आणि मी अजून तिला खरं कारण सांगितलेलं नाही.