एकच व

जाहिरात कुठलीही असो, अट ठरलेली: शिक्षकाची मातृभाषा इंग्रजीच हवी. बाईंनी मायदेशी अठरा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, व्याकरण त्यांना तोंडपाठ. तरी या परक्या शहरात सात शाळांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. त्या थोरल्या बहिणीकडे राहत होत्या. भावजी चहा पिता पिता म्हणाले, मातृभाषा बदलायची म्हणजे आता आईच बदलावी लागणार. बाई खूप हसल्या आणि हौसेनं तो विनोद फोनवर आईला सांगून बसल्या.

आई हसली नाही. "माझ्यामुळे अडलंय का गं तुझं?" एवढंच तिनं विचारलं.

आता नोकरी मिळवायचीच, नाहीतर आईला तोंड कसं दाखवायचं?

आठव्या शाळेनं एक तास शिकवून दाखवायला बोलावलं. शाळा कसली, लाँड्रीच्या वरची एक खोली. खालची यंत्रं फिरली की बाकं थरथरायची. समोर कामावरून थेट आलेली नऊ मोठी माणसं, मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. मागे मुख्याध्यापिका पेन्सिल घेऊन बसलेल्या. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत बुधवार लिहिला, वाचला, आणि नेमका घात झाला. इंग्रजीत व दोन, एक दातांचा, एक ओठांचा. वेन्सडेला हवा ओठांचा, बाईंच्या तोंडून दातांचा गेला. मागे पेन्सिल हलली.

झाकपाक करणं बाईंना कधी जमलंच नाही. त्यांनी सरळ सांगितलं, माझ्या भाषेत व एकच आहे, म्हणून घाईत चुकते. मग आपण गरम चहावर फुंकर घालतो तसा मी ओठांचा चंबू करते. आणि करून दाखवला. पुढच्या बाकावरच्या टॅक्सीवाल्यानं फुंकर मारली. शेजारच्या नर्सनं मारली. मग टॅक्सीवाला मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आमच्याकडे तर तुमचा दातांचाही नाही. झालं, प्रत्येकाला आपल्या भाषेत काय नाही ते सांगायचं होतं. त्या गलक्यात खालची यंत्रंही ऐकू येईनात.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हा टॅक्सीवाला चार महिने येतोय. आवाज आज ऐकला त्याचा. तुम्ही कधीपासून येता?"

बाईंनी ओठांचा चंबू केला आणि सावकाश बुधवार म्हटला. या वेळी अगदी बरोबर आला.

घरी पोचेपर्यंत कुठला धीर निघतोय. त्यांनी जिन्यातूनच फोन लावला.

"आई, तुझ्यामुळेच मिळाली गं."